चांगुणाची हजेरी

सूर्यभान गुरुजी पोरांना सचोटी शिकवत. फळ्यावर रोज सुविचार, परिपाठाला गोष्ट, आणि टेबलावर निरगुडीची छडी. खोटं बोलणारं पोर त्यांना म्हणे चालण्यावरून ओळखू यायचं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगीच नाही.

बाहत्तर सालच्या पौषात पाथर्डीकडची निम्मी गावं ऊसतोडीला गेली होती. शाळेच्या पटावर एकतीस पोरं, वर्गात नऊ. अशात तपासणीला साहेब येणार असा निरोप आला. हजेरी कमी दिसली की शाळा बंद, मग या नऊ जणांनी तीन कोस चालायचं. पोरी तर घरीच बसल्या असत्या. गुरुजींनी माळावर शेळ्या राखणारी पोरं गोळा केली, तोंडं धुवायला लावली, ओळीत बसवली आणि एकेकाला उसनं नाव दिलं. त्यातल्या राहीच्या वाट्याला ऊसतोडीला गेलेल्या चांगुणाचं नाव आलं. पटावर सतरावं.

"नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं," गुरुजींनी सगळ्यांना बजावलं. "आणि घरी जाऊन यातलं काही बोलायचं नाही."

साहेबांनी हजेरी घेतली, फळ्यावरचा सुविचार वाचला आणि बोट नेमकं राहीकडं केलं. "सांग चांगुणा, सचोटी म्हणजे काय?"

राही उभी राहिली. "कुनी बगत नसलं तरी शेळी दुसऱ्याच्या रानात घालायची न्हाई."

साहेब खूश झाले. शेरेबुकात त्यांनी चांगुणाचं नाव लिहून कौतुक केलं. त्या दुपारी गुरुजी पोटभर जेवले. तेव्हा लाज वाटली नाही, हेच पुढं त्यांना जास्त बोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी कोपरगावकडून माणूस निरोप घेऊन आला. चांगुणा तोडकऱ्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तापानं गेली होती. सोमवारी गेली, आणि तपासणी मंगळवारी झाली होती.

गुरुजी भुताखेतांना मानत नव्हते. तरी दुसऱ्या सकाळी सतरावं नाव चुकून तोंडून गेलं, आणि त्यांना स्पष्ट "हजर" ऐकू आलं. त्यांनी मान वर केली. नऊही पोरं तोंड मिटून बसली होती. त्याच्या पुढच्या सकाळीही तसंच झालं.

पुढच्या सोमवारी हजेरीआधीच चांगुणाची आजी झुंबरबाई दारात आली. ओच्यात बोरं होती, आणि चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

पोरांनी घरी एवढंच सांगितलं होतं, की साहेबानं चांगुणाला शाबासकी दिली. उरलेलं गावानं जुळवलं होतं.

"गुरुजी, चांगुणा आल्ती म्हनं," म्हातारी म्हणाली. "मरून दुसऱ्या दिशी साळंत आली. लई नाद हुता तिला साळंचा. मला न्हाई भेटली, पर आली. कुटं बसली हुती वो?"

नऊ पोरं गुरुजींकडं बघत होती. दाराबाहेर शेळ्या सोडून राही उभी होती. तपासणीपासून ती रोज हजेरीच्या वेळी तिथं यायची. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर म्हातारी बोरं ठेवून सुखानं गेली असती आणि शाळाही राहिली असती. गुरुजींना ते 'हो' अगदी ओठांवर जाणवलं.

"आली नव्हती, आजी," ते म्हणाले. "ती राही होती. मी तिला खोटं बोलायला लावलं. सगळ्यांनाच लावलं."

म्हातारीचं हसू हळूहळू गेलं. चांगुणा तिच्या हातून दुसऱ्यांदा निसटत होती, आणि या वेळी ती गुरुजींनी नेली होती. ती वळून राहीकडं गेली.

"तू 'हजर' म्हनलीस व्हय? मंग मला एकदा म्हनून दाव. तिच्या नावानं."

राहीनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी मान खाली घातली.

"न्हाई आजी," राही म्हणाली. तिला रडू येत होतं. "मी राही हाय."

म्हातारीनं ओचा सोडून सगळी बोरं तिच्या ओंजळीत घातली आणि घरची वाट धरली.

गुरुजींनी त्याच दुपारी साहेबांना खरं काय ते लिहिलं. दुसऱ्या सकाळी हजेरी घेताना ते सोळाव्या नावानंतर थांबले. बराच वेळ कान देऊन थांबले. कुणीच 'हजर' म्हणालं नाही.