सॉल्ट ट्रकची अकरा मिनिटं

मी एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी एका जागी बसून शांतपणे आपली कहाणी सांगावी, अशी रीत आहे. मला ते जमत नाही. माझ्या पोटात अकरा मिनिटांत सात गाणी कोंबलेली आहेत, आणि त्यातलं एकही चालत नाही, सगळी पळतात.

माझं गाव कॅनडातलं सडबरी, निकेलच्या खाणींचं. मला तिथल्या युक्रेनी मंडळींच्या हॉलसाठी आणलं होतं, चर्चमधल्या गाण्यांचा सराव टिपायला. पण १९८४ च्या मार्चमध्ये, एका शनिवारी दुपारी, दारियानं मला कोरी असतानाच पळवलं. हॉलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ओल्हा मावशींची ही भाची, वय एकोणीस. तिघांचा तिचा बँड होता, 'सॉल्ट ट्रक'. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ फेकत जाणाऱ्या गाडीचं नाव. लुक गिटार वाजवायचा, एक खाणकामगार पोरगा ड्रम बडवायचा आणि दारिया ओरडायची. पण सुरात ओरडायची, हे मी छातीठोकपणे सांगते.

वर बायका पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, लाटत होत्या आणि खाली तळघरात भिंती हादरत होत्या. सातवं गाणं संपल्यावर मशीन बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी ओल्हा मावशींनीच मला बाहेर काढलं आणि विणकामाच्या सुईनं माझ्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

"गाणं कसलंही असो," त्या म्हणाल्या, "गायलेलं पुसायचं नाही."

असल्या बँडना रेडिओ दारातही उभं करत नसे. म्हणून ही पोरं एकमेकांना टपालानं कॅसेट पाठवत. तिकिटांवर गोंदाचा हात फिरवायचा, म्हणजे टपालाचा शिक्का नंतर पाण्यानं पुसता येतो. सोबत चिठ्ठी असे: 'नक्कल करून घे, तिकिटं परत पाठव.' लबाडीच ती, पण तिच्यावर अख्खा देश पालथा घातला जात होता. दारियाच्या टेबलावर मी आणि माझी नक्कल शेजारी शेजारी होतो. घाईगडबडीत तिनं हॅलिफॅक्सच्या रोरीला, अशाच एका टपालमित्राला, नक्कल पाठवायची, तर मलाच पाठवलं.

रोरी मला ऐकून खोलीभर नाचला. हातानं लिहून काढलेल्या आपल्या संगीताच्या अंकात त्यानं माझं तोंडभर कौतुकही केलं. पण परत पाठवणं? "उद्या पाठवू," म्हणाला. त्या उद्यामध्ये त्यानं तीन घरं बदलली, दारियाची पत्रं पत्ता न सापडून माघारी गेली. एकदा त्याच्या सासऱ्यांनी माझ्यावर हॉकीचं समालोचन भरायला घेतलं. बटण काही दाबलं जाईना. "भिकार कॅसेट," म्हणून त्यांनी मला खोक्यात फेकलं. मावशींच्या सुईनं मला वाचवलं. पुढची वर्षं मी अंधारात तळमळत काढली. माझा जन्म फिरण्यासाठी होता आणि मी लोणच्यासारखी मुरत पडले होते.

छत्तीस वर्षांनी तळघर आवरताना टक्कल पडलेल्या रोरीला मी सापडले. ओशाळून त्यानं लुकचा नंबर शोधला.

"गाढवा, जिवंत आहेस होय तू?" लुक म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "आमची नक्कल माझ्या गाडीतल्या टेपनं कधीच चावून टाकली. दारियाच्या घशाचं ऑपरेशन झालंय. आवाज गेला तिचा. जो काही उरलाय, तो तुझ्या खोक्यात आहे. उद्या नको, आजच पाठव."

मी सडबरीला पोचले, ती जुनी तिकिटं सोबत घेऊनच. माझ्या आतला, फीत दाबून धरणारा स्पंजचा तुकडा गळून पडला होता. लुकनं चिमट्यानं नवा बसवला. मला भीती एकच, आता फीत तुटली तर दारिया कायमची मुकी होईल. ती समोर बसली होती, मांडीवर लिहायची पाटी घेऊन.

मी फिरले. सातही गाणी फिरले. तिचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. मग खरखर झाली, आणि कधीच्या वारलेल्या ओल्हा मावशी जिन्यावरून बोलल्या, "दारिया, घसा कशाला फाडतेस गं? जप त्याला. पेरोगी गार होतायत."

आणि एकोणीस वर्षांची दारिया म्हणाली, "माझाच घसा आहे ना मावशी? मग वापरू दे की."

समोरची दारिया हसली. आवाज आला नाही, नुसते खांदे हलत राहिले. डोळे पुसून तिनं पाटीवर लिहिलं: 'पुन्हा लाव.'

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू घेतलीत तर वेळेवर परत करा. आणि तुमच्या गावात कुणी न ऐकलेलं गाणं कुठे खोक्यात पडलं असेल, तर ते नुसतं जपू नका, वाजवा.

रोरीला त्याची नक्कल काल टपालानं गेली. दारियानं ती जुनीच तिकिटं धुतली, पुन्हा चिकटवली, वर गोंद फिरवला आणि चिठ्ठी घातली: 'तिकिटं परत पाठव. आणखी छत्तीस वर्षं माझ्याकडे नाहीत.'