खंडेनवमीला काढलेले सेल

आमच्या पप्पांनी माझ्या मशिनची पूजा केली आणि त्या पूजेत माझं गाणं मेलं. त्या दिवशी मी हे अगदी याच शब्दांत बोलले, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आता शांत डोक्याने सांगते.

मी निशिगंधा. आम्ही थेरगावात राहतो, डांगे चौकातून आत. दिवसभर वाकडच्या ऑफिसात हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या हे माझं काम, त्यामुळे संध्याकाळी घरी येते तेव्हा डोकं तापलेलंच असतं. मग मी खोलीचं दार लावून अ‍ॅसिड बेस वाजवते. अ‍ॅसिड म्हटलं की आई अजून दचकते. तसलं काही नाही हो, नाचायच्या संगीतातला एक प्रकार आहे. पोळपाटाहून लहान एक मशिन आहे, त्यातून खालच्या पट्टीतला एकच आवाज निघतो. बटण पिळलं की तो गुळण्या केल्यासारखा घुळघुळतो, आणखी पिळलं की चिरकत वर जातो, सोडलं की खाली येऊन बसतो. सोळा घरांची रांग भरायची आणि सुरू करायची. ती फिरत राहते.

त्यातली खोड अशी की सूर आणि ठोका एकदम भरता येत नाहीत. आधी नुसते सूर, एकामागून एक. मग दुसऱ्या फेरीत सांगायचं की सूर कुठे वाजायचा, कुठे लांबायचा, कुठे गप्प राहायचं. कुठे जोर, कुठे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरगुंडी. ठोका भरताना एक घर चुकलं की पुढचे सगळे सूर सरकतात आणि भलतंच काहीतरी वाजायला लागतं. बहुतेक वेळा कचराच. पण श्रावणात एकदा मी अशीच चुकले आणि जे वाजलं ते ऐकून खुर्चीवरून उठलेच. मी बनवलेली आणि तरी मला ठाऊक नसलेली अशी ती ओळ होती. इतकी वर्षं दुसऱ्यांसारखं वाजवत होते, ही पहिली माझी.

त्याच ओळीच्या जोरावर मला दसऱ्याच्या संध्याकाळी वाकडच्या एका छोट्या हॉलमध्ये वाजवायला बोलावलं होतं. लोकांसमोर पहिल्यांदाच. सगळा कार्यक्रम त्या ओळीवर रचला होता.

मशिन देहूरोडच्या बुद्धरत्न नावाच्या मित्राने सुटे भाग जोडून बनवलेलं, जुन्या जपानी मशिनची नक्कल. देताना त्याने बजावलं होतं की याची आठवण सेलवर आहे, सगळे सेल एकदम काढले की आतलं सगळं पुसलं जाणार. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. कोण हात लावणार होतं त्याला?

पप्पांचं नाव ज्योतीराम. मूळचे बार्शीकडचे, चाकणला एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहेत. पत्रा ठोकणाऱ्या मशिनांपाशी जन्म गेला, त्यात कान गेले. सगळे नाही, वरच्या पट्टीच्या आवाजांपुरते. मिक्सर ऐकू येतो, कुकरची शिट्टी येत नाही, आणि शिट्ट्या कोण मोजणार यावरून आईचं आणि त्यांचं रोज वाजतं. माझ्या मशिनला आई 'कुईकुई' म्हणायची आणि पप्पा 'डुगडुग'. मला वाटायचं दोघं मिळून माझी टिंगल करतात.

खंडेनवमीला कंपनीत आधी मशिन बंद करतात, मेन स्विच खाली ओढून त्याला कुलूप घालतात, मग पुसतात आणि मग हार. वीज जोडलेल्या मशिनला पप्पा हळदीकुंकू लावूच देत नाहीत. घरीही तोच नियम. मिक्सरची पिन काढायची, स्कूटरच्या बॅटरीची वायर सोडायची. आईच्या पायाच्या शिलाई मशिनला वीज नसते, तर त्याचा पट्टा उतरवायचा. त्यांचे नटबोल्टचे पाने घासूनपुसून पाटावर येतात आणि एकदा पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी उचलत नाही.

यंदा मी ऑफिसातून आले तर पाटावर पान्यांच्या शेजारी माझं मशिन. त्यावर झेंडूचं फूल. शेजारी वाटीत सेल, तेसुद्धा पुसलेले.

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. कुणी सांगितलं होतं, विचारता येत नाही का, उद्या मी लोकांसमोर काय वाजवू, डोंबल? पप्पा आधी समजावत होते की पूजेला वीज तोडावीच लागते. मग त्यांना कळलं की आतलं गेलं, आणि ते परत येणार नाही. ते खाली बसले आणि वाटीतले सेल हातात घेऊन उलटसुलट करत राहिले.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कंपनीतनं पूजा उरकून आल्यापासनं दाताच्या ब्रशनं एकेक बटन साफ करत हुते. म्हनले, औंदा पोरीचं हत्यार बी मांडायचं. माझ्या पान्याशेजारी."

इतकी वर्षं मला वाटत होतं की यांच्या लेखी ते खेळणं आहे. बाहेर आले तर पप्पा म्हणाले, उचल, तुझं काम आहे, देव काय रागवत नाही. पण त्या फुलाला माझा हातच लागेना. राहू दे उद्यापर्यंत, म्हटलं.

फोनवर एकदा रेकॉर्ड केलं होतं, ते लावलं. फोनला खालचे सूर पकडता आलेच नव्हते, त्यात नुसता आईचा कुकर फुसफुसत होता.

दसऱ्याला सकाळी पूजा हलवली, सेल घातले आणि बसले. काही केल्या ती ओळ येईना. आपली चूक परत करायला गेलं की ती चूक राहत नाही. रडकुंडीला आले होते, तेवढ्यात आतून आईचं गुणगुणणं ऐकू आलं. पुरण वाटता वाटता ती माझी ओळ गुणगुणत होती, पण पार वेगळी. तिने ती ओवीकडे वळवली होती.

मी तिला ओढून बाहेर आणलं. पुरणाचे हात तसेच ठेवून तिने गायलं आणि मी एकेक सूर भरला. पप्पा दारात उभे होते. म्हणाले, सूर मला कळत न्हाईत, पर ही ओळ चालतीया चुकीची. मग त्यांनी कपाटाच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोका धरला. आई म्हणाली, असं कुठं हाय, मधी खड्डं पडत्यात. पप्पा म्हणाले, पडत्यातच. मी रोज भिंतीपलीकडून ऐकतोय.

दोघांची जुंपली. पण ते खड्डे कुठे आहेत ते मला कळलं. जिथे माझी ओळ चिरकत वर जायची, बरोब्बर तिथे पप्पांचं बोट थांबत होतं. ते सूर त्यांच्या कानांपर्यंत कधी पोचलेच नव्हते. डुगडुग ही टिंगल नव्हती. त्यांना तेवढंच ऐकू येत होतं, आणि तेवढ्यासाठी हा माणूस रोज भिंतीला लागून बसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आईला वाटलं ते त्यांच्या भांडणामुळे, म्हणून ती म्हणाली, बरं बाई, तुझ्या बापाचंच खरं.

मग मी आईचे सूर पप्पांना ऐकू येतील असे एक सप्तक खाली उतरवले आणि त्यांच्यावर पप्पांचा ठोका भरला, खड्डा आला की आधीचा सूर लांबवून. आईच्या चालीला पप्पांनी नको तिथे थांबवलं, आईने त्यांच्या ठोक्यात नको तिथे वळण घातलं. सुरू केलं तर ती ओळ डुलत निघाली. माझी जुनी नव्हती. पण चांगली होती, खरंच चांगली होती.

संध्याकाळी दोघं हॉलमध्ये आले. आई पैठणीत, आणि तिथली पोरं काळ्या टीशर्टात. पप्पा थेट स्पीकरच्या खोक्यापाशी गेले आणि मोटरवर ठेवतात तसा त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. मी वाजवलं. लोक नाचले. पप्पा हलले नाहीत, त्यांचा हातही हलला नाही.

घरी येताना रिक्षात, डांगे चौकाच्या सिग्नलला, ती जुनी ओळ मला आपसूक आठवली. अख्खी, चिरकण्यासकट.

घरी आल्यावर आपट्याची पानं देताना पप्पा म्हणाले, "आधी तुझं वाजताना मधी मधी तुटायचं. आज न्हाई तुटलं." मग त्यांनी विचारलं, "तुझं ते जुनं आठवलं का गं?"

"आठवलं."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाले, मग भर की परत, आजचं पुसून जागा कर.

"नको पप्पा. ते मधे तुटतं."

ते उठून हत्यारांच्या पेटीतली काळी टेप घेऊन आले आणि मशिन उलटं करून सेलच्या झाकणावर आडवी-उभी चिकटवली.

"पुढल्या खंडेनवमीला," ते म्हणाले, "सेल न काढता पुसतो."