पहिला प्रश्न घरचा

रविवारी सकाळपासून सरांच्या घरात कुणाचं बूड एका जागी टेकलं नव्हतं. संध्याकाळी व्याख्यान होतं, आणि व्याख्यानाच्या दिवशी सर घरभर येरझाऱ्या घालत भाषण घोकायचे. त्यांच्या वाटेत आलेल्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं, हा घरचा कायदा. मुलीची आई कुकर उतरवून बाजूला झाली, मुलगी पाण्याचा पेला घेऊन दाराआड थांबली, आणि सर "सत्ता म्हणजे नेमकं काय?" असं फ्रिजला विचारून पुढे गेले.

सर शाळेत इतिहास शिकवायचे, पण त्यांचं नाव झालं ते दर महिन्याच्या जाहीर व्याख्यानांमुळे. राजे आणि त्यांची भांडणं, दरबारी पोशाख, कर, बंडं, बंडखोरांची गाणी, असा कुठलाही विषय द्या, हॉल गच्च भरायचा. फुकट म्हटलं की गर्दी होतेच म्हणा, पण लोक जांभया न देता शेवटपर्यंत बसायचे, ही कमाई मात्र सरांचीच.

अडचण एकच होती. भाषण संपवून सरांनी "काही प्रश्न?" म्हटलं की सगळे मूग गिळून गप्प. पहिल्याने उठायची लाज. एकदा कुणी उठलं की मग आवरता आवरायचे नाहीत. म्हणून सरांनी तोडगा काढला होता. पहिला प्रश्न घरचा. सर तो चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि त्यांची मुलगी, जिला घरीदारी सगळे बारकी म्हणायचे, ती उभी राहून विचारायची. फ्रॉक घालायची तेव्हापासून हे चाललेलं. लोकांना हे माहीत होतं, आणि कौतुकही होतं.

आता बारकीला सतरावं लागलं होतं. आणि तिचं लग्न ठरलं होतं.

कुणाशी? तर व्याख्यानं व्हायची त्याच हॉलच्या मालकांच्या मुलाशी. मालकांच्या मनात हॉल पाडून दुकानांचे गाळे काढायचं होतं. सरांचा जीव टांगणीला लागला. मग एके दिवशी चहा पिता पिता मालक म्हणाले, "सर, आपण सोयरे झालो तर हॉल घरचाच झाला. घरचं कोण पाडतं?" मुलगा तिशीतला, स्वभावाने चांगला होता म्हणे. म्हणे अशासाठी, की तो बारकीशी एकदाच बोलला होता आणि तेही स्वयंपाक येतो का एवढंच. वयाचं काय, असं आईने विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "आत्ता घरच्या घरी उरकून घेऊ. नोंदणी काय, पुढे होईल." सरांनी मान डोलावली. ज्या माणसाला शेकडो लढायांच्या तारखा तोंडपाठ, त्याला पोटच्या पोरीचं वय तेवढं आठवलं नाही.

सर दुष्ट नव्हते हो. दुष्ट असते तर गोष्ट सोपी होती.

बारकीला नकाशे काढायला शिकायचं होतं. सरांच्या व्याख्यानांचे मोठमोठे नकाशे तीच रंगवायची. कॉलेज कुठलं, प्रवेश कसा मिळतो, सगळं तिने शोधून ठेवलं होतं. गेले काही दिवस तिला धड झोप नव्हती. पुस्तक उघडायची, मिटायची, गच्चीवर जायची, पुन्हा खाली यायची. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची, तिथे तिच्या हातून दोन काचा तडकल्या, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "बाई, लक्ष कुठाय?"

दुपारी जेवताना आईने विषय काढला.

"अहो, पोरीशी एकदा नीट बोला."

"आज? अगं, आज व्याख्यान आहे."

"कालही हेच म्हणालात."

"काल तयारी होती."

"बाबा, मला हे लग्न नाही करायचं," बारकी म्हणाली.

"हं," सर म्हणाले. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी तिच्या ताटाशेजारी ठेवली. "या विवाहांमुळे युद्धे टळली का, एवढंच विचार. आणि शेवटचा शब्द खाऊ नकोस, मागे ऐकू जात नाही."

त्या दिवशीचा विषय काय होता सांगू? तह आणि सोयरिकी. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगाच नाही.

पण संध्याकाळी सर बोलले मात्र जीव ओतून. "हरलेला राजा दोन गोष्टी द्यायचा, किल्ला आणि मुलगी," सर म्हणाले. "किल्ला देताना बुरूज मोजून द्यायचे, दाणागोटा तपासून द्यायचे. मुलगी देताना एवढंही कुणी बघितलं नाही. तहाचा कागद वाळायच्या आत तिची पालखी निघायची." बायकांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत बसलेल्या मालकांनी टाळी वाजवली, तीही सगळ्यांत मोठी. शेजारी त्यांचा मुलगा मोबाइल बघत होता.

"काही प्रश्न?" सरांनी विचारलं आणि सवयीने बारकीकडे पाहिलं.

ती उठली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"त्या मुलींना कुणी विचारलं होतं का? त्या काय म्हणाल्या?"

चिठ्ठीतला प्रश्न हा नव्हता. पण सर खूश झाले. शिक्षकाला चांगला प्रश्न आला की तो बाप असल्याचं विसरतो.

"उत्तम प्रश्न. दुर्दैवाने याचं उत्तर सापडत नाही. राजांची पत्रं आहेत, वकिलांची आहेत. त्या मुली काय म्हणाल्या, हे कुणी लिहूनच ठेवलं नाही."

"मग माझं लिहून घ्या, बाबा," बारकी म्हणाली. शेवटचा शब्द तिने खाल्ला नाही. "हा हॉल वाचावा म्हणून तुम्ही माझं लग्न ठरवलंय. मी नाही म्हणते."

मालक अर्धवट उठले. "सर, पोरीला आवरा."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. "बारके, हे आपण घरी बोलू."

तेव्हा दाराजवळच्या रांगेतून आई उठली. गर्दीतून वाट काढत ती मुलीपाशी आली आणि तिचा दंड धरून उभी राहिली. या हॉलमध्ये आजवर ती एक शब्द बोलली नव्हती.

"घरी बोलून झालंय," ती म्हणाली. "घरी तुम्ही ऐकत नाही. इथे प्रश्नाला उत्तर देता, म्हणून इथे विचारलं. द्या आता."

सरांना तो क्षण फार जड गेला. समोर भरलेला हॉल होता, आयुष्यभर जमवलेला. एवढ्या लोकांत आपल्या बाजूने बोलायला कुणी उठेल म्हणून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. कुणी उठलं नाही. कुणी चपला शोधत होतं, कुणी छताकडे बघत होतं. शेवटी त्यांची नजर मुलीवर आली. ती अजून खाली बसली नव्हती.

"लग्न होणार नाही," सर माइकवर म्हणाले. मागे ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "मालक, हॉल तुमचा आहे, त्याचं काय करायचं ते करा. माझी मुलगी शिकणार आहे. चुकलो मी."

मालक मुलाला घेऊन तडक निघून गेले. जाता जाता त्यांनी रखवालदाराला खूण केली आणि माइक बंद पडला. पुढचं व्याख्यान कुठे होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी स्टँडवरचा नकाशा उतरवला आणि गुंडाळता येईना, तेव्हा बारकीने पुढे होऊन दुसरं टोक धरलं.

लोक मात्र जिन्यावर घोटाळत राहिले. "भाषण काय झालं बघा," एक गृहस्थ म्हणाले. "शेवटी तेवढं उगाच घरगुती झालं." चार जणांनी माना डोलावल्या.

घरगुती म्हणे. अहो, तह घरातच होतात. कुठे हॉलसाठी, कुठे जमिनीसाठी, कुठे नुसती चारचौघांत मान राहावी म्हणून. त्या जिन्यावरून उतरलेल्या कित्येकांच्या घरी लेकी होत्या. घरी पोचल्यावर कुणी आपल्या पोरीला तुझं काय म्हणणं आहे असं विचारलं का, मला ठाऊक नाही. विचारलं असलं, तरी ती बोलायला लागल्यावर ऐकत बसले का, तेही ठाऊक नाही. तुमच्या घरचं तुम्ही सांगा.