उचललेली ठेव

बेतुलियो कढईसमोर उभा असला की गिऱ्हाइकांना सांगायचा, "जरा धीर धरा, गुंतवणूकदार साहेब केळी तळतायत." डोंगरातल्या या क्वेंका गावची माणसं तोंडावर हात ठेवून हसायची. पण गंमत म्हणजे ते खरंच होतं. मायदेशी, मारकाइबोच्या तळ्यावरच्या वडिलांच्या दोन होड्या आणि इंजिनं दुरुस्त करायची शेड विकून आलेला पैसा त्याने इथल्या बँकेत मुदतीवर ठेवला होता. त्या ठेवीच्या जोरावर त्याला, बायकोला आणि लेकीला दोन वर्षांचा व्हिसा मिळाला होता. पासपोर्टात बेतुलियोच्या नावापुढे 'गुंतवणूकदार' असं छापलेलं होतं आणि अंगावर तेलाचे डाग पडलेला एकुलता एक स्वेटर होता.

आता ती दोन वर्षं सरत आली होती. यापुढे मिळायचा तो कायमचा शिक्का. त्याच्या बायकोला, नेरेइदाला, दुसरं काही नको होतं. या थंड, चढउतारांच्या गावात आपल्याला राहू द्याल का, हे पुन्हा कुणाला विचारावं लागू नये, एवढंच. लेक किरा चार वर्षांची झाली होती, आणि इथल्या मुलांसारखे हेल काढून बोलायला लागली होती. तिला मारकाइबो आठवतही नव्हतं.

सगळी कागदपत्रं नेरेइदानेच जमवली. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की किराला बरोबर घेऊन ती एकेका खिडकीसमोर उभी राहायची. कुठे शिक्का पुसट, कुठे साहेब जेवायला गेलेले. शेवटी राहिलं एकच, ठेव जागेवर आहे असं बँकेचं पत्र. वकीलबाई, दोक्तोरा पिएदाद, म्हणाली होती की हे सगळ्यात सोपं काम.

बँकेतल्या मुलीने संगणकात पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. इथे दुकानदार असो की गिऱ्हाईक, सगळे एकमेकांना वेसी म्हणतात, शेजारीण म्हणावं तसं. तीही तशाच मऊ आवाजात म्हणाली, "वेसी, ही ठेव तर उचललीय. पहिल्या वर्षाची मुदत संपली तेव्हाच. तुमच्या मिस्टरांनी स्वतः येऊन."

किरा काउंटरवरची साखळी लावलेली पेनं ओढत होती. नेरेइदाने तिचा हात धरला आणि काही चूक तर नाही ना, असं विचारलं. चूक नव्हती. मुलीने तारीखही सांगितली. तारीख ऐकली आणि नेरेइदाला सगळं कळलं. तो संपाचा आठवडा होता.

त्या आठवड्यात डोंगरातून येणारे सगळे रस्ते बंद पडले होते. गॅस नाही, अंडी नाहीत, बाजारातल्या फळ्या रिकाम्या. क्वेंकाचे लोक कुरकुरले आणि घरात होतं ते उकडलेल्या मक्याबरोबर खाऊन बसले. संप आहे, मिटेल, एवढंच त्यांच्या मनात. पण मारकाइबोहून आलेल्या माणसाला रिकामी फळी म्हणजे संप वाटत नाही. तिकडे फळ्या अशाच रिकाम्या झाल्या होत्या, त्या पुन्हा भरल्याच नाहीत, आणि नोटांची किंमत रोज उतरत गेली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तर दुधाचं पातेलंच पुन्हा समोर आलं होतं. त्यात घरमालकीण दोन्या रोसाउरा. पूर्वी एकदा इथल्या बँकांनी लोकांचे पैसे कसे गोठवून ठेवले आणि तिच्या शिलाईच्या कमाईचा कसा पाचोळा झाला, ही गोष्ट तिने त्याच आठवड्यात बेतुलियोला दोनदा ऐकवली होती. शेगडी पेटत नव्हती, करायला दुसरं काही नव्हतं.

नेरेइदा परत आली तेव्हा तो तळत होता. समोरचं गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली. किराला तिने आत चित्रं काढायला बसवलं.

"ठेव कुठंय, बेतुलियो?"

त्याने गॅस बारीक केला. नाही म्हणाला नाही. टॉवेलला हात पुसले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि "चल," म्हणाला.

दोन्या रोसाउराच्या परसात खाण्यासाठी पाळायच्या गिनीपिगांची खोली होती. गिनीपिग संपून बरीच वर्षं झाली, पण वास अजून जात नव्हता, म्हणून नेरेइदा तिकडे कधी फिरकायची नाही. बेतुलियोने दार ढकललं. छपरापर्यंत मक्याचं पीठ. तेलाचे डबे, काळ्या घेवड्याची पोती, साखर, गुळाच्या ढेपा, साबण, मेणबत्त्या, एक जनरेटर. आणि कोपऱ्यात तान्ह्या बाळाच्या लंगोटांच्या थप्प्या.

"हे कशाला? किरा चार वर्षांची आहे."

"पुढचं झालं तर," तो खाली बघत म्हणाला.

उरलेल्या नोटा पिठाच्या चार डब्यांत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तळाशी ठेवल्या होत्या. तिकडे त्याची आई ठेवायची तशाच.

नेरेइदा पुढे कितीदा तरी त्या क्षणाकडे परत गेली. आपल्याला आधी राग यायला हवा होता, असं तिला वाटायचं. पण दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं ते हायसं. एवढं पीठ. काही झालं तरी किरा उपाशी राहणार नाही. किरा तान्ही असताना तिने दुधाच्या रांगेत काढलेल्या पहाटा अंगातून सुटल्यासारख्या झाल्या, अगदी एका श्वासापुरत्या. मग राग आला, आणि तो त्या हायशा वाटण्यामुळे दुप्पट आला.

ती ओरडली नाही. ओरडायलाही अंगात जीव लागतो. तिने फक्त विचारलं, की दोक्तोराने सांगितलं होतं ना, मुदत संपली की पैसे तसेच पुढे ठेवायचे म्हणून.

त्याचं म्हणणं असं, की पैशाचं काम झालं होतं. व्हिसा मिळाला. मग पैसा तिथे नुसता पडून काय करणार? "पडून राहिलेला पैसा सकाळपर्यंत वितळतो, नेरे. तुला माहीत नाही का?"

"इथे वितळत नाही."

"तिकडेही आधी वितळत नव्हता," तो म्हणाला.

दोक्तोरा पिएदादने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले. तिच्याकडे अशी माणसं येत असावीत, कारण तिला नवल वाटलं नाही. कायमचा शिक्का विसरा, ती म्हणाली. ठेव अखंड राहिली तरच तो मिळतो. पण व्हिसाची मुदत संपायच्या आत सगळी रक्कम परत बँकेत भरली आणि आपण होऊन जाऊन सांगितलं, तर गुंतवणूकदार म्हणून नवा अर्ज करता येईल. पुन्हा दोन वर्षं, पहिल्यापासून. पैसे भरले गेले नाहीत तर मात्र देश सोडावा लागेल.

"म्हणजे आत्तापर्यंतची दोन वर्षं?" नेरेइदाने विचारलं.

"ती तुम्ही राहिलात," दोक्तोरा म्हणाली. "पण मोजली जाणार नाहीत."

मग विक्री सुरू झाली. रविवारी नदीकाठच्या मैदानावर मारकाइबोकडून आलेली मुलं चेंडूफळी खेळायची, तिथे बेतुलियो उसन्या ढकलगाडीतून पीठ नेऊ लागला. लोक त्याची टर उडवायचे. "काय गुंतवणूकदार साहेब, बाजार पडला वाटतं?" तो हसायचा आणि पोतं उचलून द्यायचा. पण ढकलगाडीभोवती गर्दी मोठी व्हायची. त्याने हे का साठवलं, असं त्यातल्या एकानेही विचारलं नाही. जनरेटर एका बेकरीवाल्याने घेतला, लंगोट वरच्या गल्लीतल्या जुळ्यांच्या आईने. दोन्या रोसाउराने दोन पोती साखर घेतली. तिला मधुमेह होता. कशाला घेता, असं नेरेइदाने विचारलं तर म्हणाली, "माझ्या जिभेचं प्रायश्चित्त, मुली. ती गोष्ट मी दोनदा सांगितली, एकदाच सांगायला हवी होती."

नेरेइदा दिवसभर तळायची, संध्याकाळी डबे पुसायची, किराला निजवताना स्वतःच आधी झोपून जायची. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. तो रोज पहाटे तिच्या आधी उठून पीठ मळून ठेवायचा.

रक्कम जमली तेव्हा व्हिसाचा शेवटचा आठवडा चालू होता. बँकेत ती तिघं गेली. नोटांना पिठाचा वास होता. मशीनने दोनदा अडकून त्या परत फेकल्या. शेवटी काउंटरवरच्या मुलीने हाताने मोजल्या, बोटं पांढरी होईपर्यंत. मग तिने विचारलं, ठेव कुणाच्या नावावर?

नेरेइदाने नवऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडलं.

"तिच्या," बेतुलियो म्हणाला.

मुलीने अर्ज पाहिला. असं केलं तर व्हिसाही बाईंच्या नावाने मागावा लागेल, गुंतवणूकदार त्या आणि तुम्ही त्यांच्यावर अवलंबून, असं तिने समजावलं.

"असू दे. फक्त मारकाइबोत कुणाला कळवू नका, वेसी. तिथे अजून मला पुरुष समजतात." मुलगी हसली. तो हसला नाही. नेरेइदाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "उद्या पुन्हा रस्ते बंद झाले ना, तर माझे पाय मला विचारायला थांबणार नाहीत. मी स्वतःला ओळखतो. पैसे माझ्या हाताला लागणार नाहीत असे ठेव."

नेरेइदाने त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत तिने त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. कानामागे पीठ राहिलं होतं. तिला वाटलं त्याला सांगावं, की त्या दारात मलाही हायसंच वाटलं होतं, माझ्या पायांचीही मला खात्री नाही. पण मुलगी वाट बघत होती आणि मागे रांग लागली होती. तिने मुलीला विचारलं, मुदत संपली की ठेव आपोआप पुढे जाईल आणि मध्येच आमच्यापैकी कुणालाच उचलता येणार नाही, अशी काही सोय आहे का?

"आहे ना, वेसी. इथे खूण करायची."

"कर," बेतुलियो म्हणाला. "दोन वर्षं."

"दोन वर्षं," ती म्हणाली. तिने जांभई दिली, आणि ती आवरायचा कंटाळा केला.

किरा मघाशीच तिच्या खांद्यावर झोपली होती. बेतुलियोने हात पुढे केले, पण उठवायला नको म्हणून तिने मान हलवली आणि तशीच, अवघडलेल्या उजव्या हाताने सही केली. सही वाकडी आली, शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलं.

"आता दर वेळी सही अशीच करावी लागेल हं," मुलगी म्हणाली.

"येईल," किराला सावरत नेरेइदा म्हणाली. "ही तोपर्यंत खांद्यावरच असणार."