कोनाच्या धुऱ्यापाशी

आमच्या केनवडच्या शेतकरी गटाचा मळणीचा एक थ्रेशर आहे. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून झालं की तो कोणाच्या वावरात कधी जाईल, हे मोबाईलवरच्या एका फॉर्मवर ठरतं. तो फॉर्म माझ्या बायकोने, वैजयंतीने तयार केला. ती रिसोडला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. मागच्या पौषात ती गेली. फॉर्म चालू राहिला.

फॉर्ममध्ये नाव, मोबाईल आणि ‘कोणतं वावर’ अशा तीन चौकटी होत्या. आमच्याकडे वावर नंबराने कोणी ओळखत नाही. खारी, आंब्याचं, पांदीचं अशी नावं असतात. पण खारी गावात कितीतरी जणांची आहे. म्हणून वैजयंतीने तिसऱ्या चौकटीला एक नियम लावला होता. काना-मात्रेसकट मराठी अक्षरं, मग मध्ये सुटलेली जागा, मग पुन्हा अक्षरं. नुसता एक शब्द लिहिला तर फॉर्म पुढे जात नसे. खाली लाल अक्षरांत ओळ यायची.

‘एवढी घाई कायची? कोनाच्या धुऱ्यापाशी हाय ते बी लिवा.’

दोन वावरांमधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. वैजयंती घरात अशीच बोलायची. मी तिला म्हटलं होतं, कॉम्प्युटरवर शुद्ध लिहावं. ती म्हणाली होती, शुद्ध लिहिलं तर लोक ते सरकारी समजतील आणि वाचणार नाहीत.

ती गेल्यावर मला एक सवय लागली. संध्याकाळचा चहा झाला की फॉर्म उघडायचा, माझ्या वावराचं ‘आंब्याचं’ एवढंच नाव लिहायचं आणि बटण दाबायचं. लाल ओळ यायची. ती वाचून मोबाईल ठेवून द्यायचा. हे कोणाला माहीत नव्हतं. ती ओळ तिथे राहावी, एवढंच मला पाहिजे होतं.

सोंगणीच्या आधी गटाची बैठक इंद्रभानच्या ओट्यावर झाली. इंद्रभान गटाचा अध्यक्ष आहे आणि त्याचं वावर माझ्या वावराला लागून आहे.

“जगदेव, तुमच्या फॉर्मात सातबाऱ्यावरचा गट नंबर नाही,” तो म्हणाला. “वरून अहवालात नंबर मांगतात. आन् हा सेवालाल ट्रॅक्टर घेऊन दारोदार रस्ता पुसत हिंडते.”

सेवालाल थ्रेशर चालवतो. तो म्हणाला, “रस्ता पुसला की चहा भेटते. नंबर टाकून नकाशा लावला तं माहा चहा गेला.”

“तुले चहा पाजाले ठेवलं का थ्रेशर चालवाले?”

“दोन्हीले. चहाशिवाय थ्रेशर चालते काय?”

फॉर्म बदलायला इंद्रभानने नाजिशला बोलावलं होतं. रिसोडच्या युसूफभाईची ही मुलगी. वैजयंतीच्या हाताखाली शिकली, आता बापाच्या दुकानात कॉम्प्युटरची कामं करते. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला.

“काका, मॅडमचा रेजेक्स बदलवा लागते.”

“रेजेक्स कायचा?” इंद्रभानने विचारलं.

“चाळणी समजा. जसं भोक पाडलं तसंच खाली पडते. आता मी भोक असं पाडतो की फक्त आकडे, मग तिरपी रेघ, मग आकडे. बाकी सारं वरच राहीन.”

“आन् ते लाल अक्षरं?” मी विचारलं.

“ते बी बदलन. गट नंबर बरोबर लिहा, असं. सोबत एक नमुना देतो म्हंजे लोकायले समजन. तुमचा नंबर सांगा काका.”

नको बदलू म्हणता आलं असतं. पण कारण काय सांगणार? काम तर बरोबरच होतं. मी नंबर सांगितला.

त्या संध्याकाळी मी फॉर्म उघडून ‘आंब्याचं’ लिहिलं. खाली आलं, ‘कृपया गट नंबर बरोबर लिहा. उदा. 112/2.’ मी मोबाईल ठेवला. थोड्या वेळाने परत उघडून पाहिलं. तेच होतं.

सोंगणी झाली. गावात सोंगलेल्या सोयाबीनच्या गंज्या लागल्या. एके सकाळी मी माझ्या गंजीवरची ताडपत्री ओढून बांधत होतो, तर सेवालाल थ्रेशर घेऊन वावरात शिरला.

“इकडे काहून आला?” मी विचारलं. “म्या तं फॉर्म भरलाच नाही.”

“तुमी नाही भरला. गावानं भरला.” त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. “आज रूपलाभाऊ, वावर 112/2. मंग रामधन, 112/2. मंग धम्मरत्न, 112/2. साऱ्या केनवडची सोयाबीन तुमच्या आंब्याखाली मळाची हाय, भाऊ. आनून टाका म्हना.”

“धम्मरत्नचं वावर तं नाल्याच्या पल्याड हाय.”

“मले ठाव हाय. नकाशाले ठाव नाही. अध्यक्ष बी इथंच हायत, पाहा.”

यादीत इंद्रभानचंही नाव होतं आणि त्यापुढे माझा नंबर होता. लोकांनी नेहमीप्रमाणे वावराचं नाव लिहिलं असणार. फॉर्मने अडवलं. खाली नमुना दिसला. तो जसाच्या तसा लिहिला आणि फॉर्म गेला.

मी नाजिशला फोन लावला आणि इंद्रभानकडे गेलो. तो चिडलेलाच होता.

“माहा सातबारा पेटीत. पेटीची चाबी बायकोजवळ. बायको माहेरी. फॉर्म म्हनला असं लिवा, म्या तसं लिवलं. मी कायले भांडू त्याच्यासंग?”

“निदान माहा नंबर हाय हे तं पाह्यचं.”

“तुहा नंबर मले काय पाठ हाय? तुहं वावर मले आंब्याचं म्हनूनच ठाव हाय.”

नाजिश दुपारच्या एसटीने आली. ओट्यावर बसून तिने यादी पाहिली. आधी हसली, मग एकेक ओळ तपासली.

“नियम बरोबर हाय, काका. आकडे, रेघ, आकडे. फॉर्म फक्त आकार पाहते. त्या मानसाचं वावर खरंच ते हाय का, हे त्याले नाही समजत. मॅडमनं हे शिकवलं होतं मले.”

“आता काय करतं?” इंद्रभान म्हणाला. “लोकायच्या गंज्या उघड्यावर हायत.”

“मॅडमची चाळणी परत लावतो. नंबरची चौकट वेगळी करतो. ठाव असन तं भरा, नाही तं रिकामी सोडा. नमुना काढून टाकतो.”

ती टाइप करू लागली. नियम तिला आठवत होता. मग हात थांबला.

“काका, ते लाल अक्षरातलं मले नाही आठवत. म्या त्याच्यावरच नवं लिहिलं. जुनं ठेवलं नाही.” ती माझ्याकडे पाहत होती. “काय होतं?”

“एवढी घाई कायची,” मी म्हटलं. “कोनाच्या धुऱ्यापाशी हाय ते बी लिवा.”

इंद्रभान म्हणाला, “तुले कसं पाठ रे? एवढ्या खेपा फॉर्म भरला, मले तं नाही आठवत.”

“तू पयल्याच खेपेत बरोबर लिहत असशीन. मी चुकत होतो.”

“कितीक चुकला असशीन?”

नाजिशने मान वर केली नाही. तिने ओळ टाइप केली आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

“असंच होतं?”

मी वाचलं. “घाईच्या आंधी ‘एवढी’ पाहिजे.”

तिने ‘एवढी’ घातलं.

ती गेल्यावर इंद्रभानने घरोघरी फोन केले, फॉर्म पुन्हा भरा म्हणून. मी घरी येऊन चहा ठेवला. चहा झाल्यावर फॉर्म उघडला, ‘आंब्याचं’ लिहिलं आणि बटण दाबलं. लाल ओळ आली. सांगितली मी होती आणि टाइप नाजिशने केली होती. वाचताना फरक कळला नाही.

या वेळी मी मोबाईल ठेवला नाही. माझीही सोयाबीन मळायची होती. ‘आंब्याचं’च्या पुढे जागा सोडून मी ‘इंद्रभानच्या धुऱ्यापाशी’ लिहिलं. ओळ निघून गेली आणि फॉर्म पुढे सरकला. थ्रेशरच्या यादीत माझा नंबर धम्मरत्नच्या मागे लागला.