चादरीतली वाळू

चिमणीच्या आईने चादरीची दोन टोकं मुठीत धरली आणि कोपरं अंगाला घट्ट चिकटवून ठेवली. समोरच्या बाईने चादर ताणली, दुमडली, टोकाला टोक लावलं, पुन्हा दुमडली. कोपरं हलली नाहीत. घडी ढिगावर ठेवून चिमणीच्या आईने कपाळावरचा घाम पुसला.

घाम यायचं तसं काही कारण नव्हतं. दवाखान्याच्या धुलाईघरात हिवाळाभर हात गारठूनच असत. जखमींच्या चादरी थंड पाण्यातच भिजवायच्या, हे तिथे सगळ्यांना तोंडपाठ होतं. रक्ताला गरम पाणी दाखवलं की डाग जन्माचा चिकटलाच म्हणून समजा.

पण घडीची वेळ आली की तिला घाम फुटायचा. तिचं गाव नदीपलीकडचं. तिथे चादरी काठावरच्या वाळूत वाळत घालत. उचलताना दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन झटके द्यायचे, फट् फट्, आणि मगच घडी. तिची सासू म्हणायची, "नीट झटक गं बाई, नाहीतर माझा लेक रात्रभर खाजवेल आणि सकाळी माझ्याच नावाने खडे फोडेल!" मग दोघी हसत. आता सासू नव्हती, तो लेकही पुलावर मागे राहिला तो राहिलाच. हातांना मात्र त्याचं काय? ते आपले चादर दिसली की झटकायला बघत.

इथे चादरी तारेवर वाळत. झटकायचं कोणाला कारणच नव्हतं. आणि लढाई सुरू झाल्यापासून पलीकडचा माणूस म्हणजे घरभेदी, मग ती लेकुरवाळी बाई का असेना. सापडली की सकाळी ट्रक यायचा. 'पुलाकडे गेली' एवढंच सांगत. तिकडून परत आलेली कोणी पाहिली नव्हती.

म्हणून तिने चिमणीकडून पाठ करून घेतलं होतं.

"कोणी विचारलं, कुठल्या गं तुम्ही, तर काय सांगायचं?"

"टेकडीकडच्या."

"आणि नदी?"

"नदी आम्ही बघितलीच नाही."

पोर हुशार. सहा वर्षांची, पण एकदाही चुकली नाही. धुलाईघराच्या मुकादम मोठ्या बाईंनी तिला इस्त्रीच्या खोलीत उबेला बसायची परवानगीही दिली होती. मोठ्या बाई कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून हिंडत, पण तो कधी वाजायचा नाही. मागे येऊन उभ्या राहिल्या तरी पत्ता लागत नसे.

त्या सकाळी लांब वेणीची एक पोरगी नव्याने कामाला आली. "मी टेकडीकडची," तिने कोणी न विचारताच सांगितलं, आणि चिमणीच्या आईने मान वर केली. अगं वेडे, विचारलं कोणी तुला?

दोघींच्या वाट्याला एकच चादर आली. पोरीने टोकं धरली, मनगटं उचलली.

फट्. फट्.

चिमणीच्या आईने आपली टोकं दगडासारखी धरून ठेवली. पोरगी पांढरीफटक पडली. मोठ्या बाई दारातच होत्या.

"काय केलं हिने?"

चिमणीच्या आईला बोलता आलं असतं. ओली होती म्हणून झटकली, पोरगी अल्लड आहे, काहीही. पण चिमणी शेजारच्या खोलीत होती.

"माझं लक्ष नव्हतं, बाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंगणात ट्रक येऊन उभा राहिला. पोरीने जाताना कोणाकडे पाहिलं नाही. वेणी मात्र मुठीत घट्ट धरली होती.

"नक्की ना?" शिपायाने मोठ्या बाईंना विचारलं.

"नक्की. वाळू झटकत होती."

"वाळू? इथे कुठली आली वाळू?" तो हसला.

बाई आत वळल्या. चिमणीची आई चादर पिळता पिळता थांबली. पोरीने झटका दिला, हे कोणालाही दिसलं असतं. पण वाळूचं? ते शिपायाला ठाऊक नव्हतं, अलीकडच्या एकाही बाईला ठाऊक नव्हतं. ज्या बाईने कधीतरी काठावरच्या चादरी उचलल्या असतील, तिलाच ते माहीत असणार. 

दुपारी मोठ्या बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"नव्या आलेल्यांना यापुढे तू घ्यायचं. आधी चादरीची घडी. दुसरं टोक तू धर. कोण झटकतं ते मला सांगायचं."

"मीच का, बाई?"

"तुझी कोपरं हलत नाहीत." बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "माझीही हलली नाहीत. पहिली दोन वर्षं कोपरं दुखायची. मग सवय होते."

 चिमणीची आई म्हणाली, "आपल्याच बायका, बाई."

"माझ्या घरी नात आहे," बाई म्हणाल्या. "ती टेकडीकडची आहे. जन्मापासून." आणि इस्त्रीच्या खोलीकडे पाहत म्हणाल्या, "थंडी वाढणार आहे. पोरीला ऊब हवी ना?"

दोन दिवसांनी नवी बाई आली. पन्नाशीची, अंगावर उसनी शाल, बोलणं मोजकं. मोठ्या बाई स्टुलावर बसून राहिल्या. चिमणीच्या आईने चादरीची टोकं धरली. समोरच्या बाईने धरली. नखं पार झिजलेली, आणि टोकं पकडायची ती ओळखीची रीत, अंगठा आत घालून. तिची मनगटं वर यायला लागली.

चिमणीच्या आईने टोकं सोडून दिली. चादर सरळ भिजवायच्या टाकीत गेली.

"मेलं माझ्या हातात जीवच नाही!" ती मोठ्याने ओरडली आणि गोळा करायला पुढे वाकली. नवी बाईही वाकली. दोघींची डोकी जवळ आली.

"इथे वाळू नसते, मावशी," ती पुटपुटली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं.  दुसरी चादर घेतली तेव्हा मावशीची कोपरं अंगाला चिकटलेली होती. ताणली, दुमडली, टोकाला टोक.  चिमणीच्या आईच्या डोळ्यांपुढून लांब वेणीची पोरगी हलेना.

"चादर कोणाच्या हातून पडली?" स्टुलावरून बाईंनी विचारलं.

"माझ्या."

"हं."

तेवढ्यात इस्त्रीच्या खोलीतून आवाज आला.

फट्. फट्.

पाठोपाठ चिमणीचा आवाज, हसरा. इस्त्रीवालीने तिला हातरुमाल घड्या करायला दिले होते. "गेली! बघ ना, सगळी वाळू गेली!"

चिमणीच्या आईने पोरीची जीभ शिकवली होती. हात शिकवायचे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

फाटकावरच्या शिपायाने मान वर करून इकडे पाहिलं. मोठ्या बाई उठल्या, सावकाश चालत इस्त्रीच्या खोलीपर्यंत गेल्या आणि दार ओढून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदाच किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"पोरं खेळतात काहीतरी," त्यांनी शिपायाला सांगितलं. तो पुन्हा विडी ओढू लागला.

मग त्या चिमणीच्या आईजवळ येऊन उभ्या राहिल्या. मावशीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"ह्या बाई राहू देत," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या आणखी एक यायची आहे. दुसरं टोक तूच धरायचं."

"बाई..."

"आणि चादर पडू द्यायची नाही."

बंद दाराआड चिमणी पुढचा रुमाल झटकत होती.