राजकन्येचा होकार

शरदचंद्रांच्या बुटावर ती लोकरी सपात काही केल्या चढेना. राजवाड्यातली जुनी लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून दारातच अशा सपातांची भली मोठी टोपली ठेवलेली होती आणि आत जाणाऱ्याने त्या आपल्या पायताणांवरच चढवायच्या होत्या. शरदचंद्रांचं पोट मध्ये येत होतं. त्यांनी एकदा वाकून पाहिलं, एकदा भिंतीला हात टेकून. शेवटी रमेशराव पुढे सरसावले.

"राहू द्या, राहू द्या, शरदराव. मी बघतो."

रमेशराव गुडघ्यावर बसले, शरदचंद्रांचा पाय त्यांनी हातात धरला आणि सपात बुटावर नीट ओढून घेतली. मग दुसरा पाय. लग्नाचा अजून पत्ता नव्हता, पण मुलीच्या बापाचं काम त्यांनी सुरूही करून टाकलं होतं.

"अहो, काय हे," शरदचंद्र म्हणाले, पण पाय काही त्यांनी मागे घेतला नाही.

त्यांची मुलगी कादंबरी हे बघत उभी होती. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. वाटलं मात्र काहीच नाही. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो आणि चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखं वाटतं, तसं तिचं गेली दोन वर्षं चाललं होतं. आईचे दिवस आटोपून ती जर्मनीत, नोकरीच्या गावी र्युसेल्सहाइमला परतली, दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली, आणि तेव्हापासून लोक विचारतील त्याला ती हो म्हणत आली होती. जास्तीचं काम घेशील का, हो. घर बदलशील का, हो. या मुलाशी बोलून बघशील का, हो.

मुलगा मयुरेश. शरदचंद्रांचा एकुलता एक. स्काइपवर दोनदा बोलणं झालं होतं. सभ्य होता, जेवलीस का विचारायचा, त्याच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. शरदचंद्रांचे चाकणला दोन प्लँट होते. गाड्यांच्या इंजिनांचे भाग तिथे कातून तयार व्हायचे. ज्या घडीव लोखंडी तुकड्यांतून ते कातले जायचे, ते तुकडे रमेशरावांच्या भोसरीच्या कारखान्यात घडायचे. दोन्ही बाप फ्रँकफर्टच्या मोटारींच्या प्रदर्शनाला आले होते, तर मुलीलाही भेटून घेऊ, एक दिवस जरा फिरू, बोलणी पक्की करू, असा बेत होता. मयुरेशच्या प्लँटवर नेमकी तपासणी निघाली, म्हणून तो मागे राहिला. त्याची आई, शैलाताई, मात्र आल्या होत्या.

शैलाताईंनी आपल्या सपाता स्वतःच घातल्या होत्या आणि त्या दाराशी शांत उभ्या होत्या. त्या कमी बोलायच्या. आदल्या दिवसापासून कादंबरीशी त्या जे काही बोलल्या होत्या ते थंडी, स्वेटर आणि पोहे याच विषयांवर.

इंग्रजीतली फेरी दुपारी तीनची होती, तेवढं थांबायला शरदचंद्र तयार नव्हते. म्हणून सगळे जर्मन फेरीत घुसले. वाटाड्या बाई सत्तरीच्या, नाव फ्राउ लिंडनर, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्या दोन-चार वाक्यं बोलायच्या आणि कादंबरीकडे बघून थांबायच्या. मग कादंबरी मराठीत सांगायची.

पहिल्या दालनात एका मुलीचं चित्र होतं. निळा झगा, पांढरी फटक मान, हातात एक संत्रं.

"ही राजकन्या आमेली," कादंबरी म्हणाली. "या घरातली धाकटी. सोळा वर्षांची असताना हिचं लग्न उत्तरेतल्या एका राजपुत्राशी ठरलं. आल्झो, म्हणजे, हे चित्र त्यासाठीच काढलं होतं. तिकडे पाठवायला."

"म्हणजे दाखवायचा फोटो," शरदचंद्र म्हणाले.

"गेनाऊ, अगदी तसंच. आणि तिकडून त्याचं आलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. यांच्या राज्यात मिठाच्या खाणी होत्या, त्यांच्याकडे बंदर होतं."

"बॅकवर्ड इंटिग्रेशन! कच्चा माल घरचाच!" शरदचंद्रांनी रमेशरावांच्या पाठीवर थाप मारली. "बघा, रमेशराव. दोनशे वर्षांपूर्वी यांना सुचलं होतं!"

रमेशराव मनापासून हसले. या माणसाने आपल्या पाठीवर थाप मारावी, याचा त्यांना खरोखर आनंद होता. गेली दोन वर्षं घरी आल्यावर त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं. मुलीचं लग्न बायकोच्या हातून व्हायचं ते राहून गेलं, तर ते आपण एकट्याने, आणि तेही तिला अभिमान वाटावा असं जमवलं, हे सुख त्यांच्या चेहऱ्यावरून ओसंडत होतं. ते सुख कादंबरीला दिसत होतं. म्हणूनच तिला काही बोलता आलं नव्हतं. बोलायचं तरी काय? नको असं म्हणायलासुद्धा आत काहीतरी जागं असावं लागतं.

पुढच्या दालनात एक छत्री-पलंग होता. फ्राउ लिंडनर बराच वेळ बोलल्या आणि शेवटी स्वतःच्याच विनोदावर हसल्या. शैलाताईंच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या, पण त्या वेळी कादंबरी पलंगाकडे बघत होती.

"लग्नाला नवरा आलाच नाही. इतक्या लांब यायची पद्धत नव्हती. त्याने आपला एक जनरल पाठवला. नवऱ्याच्या जागी तोच उभा राहिला, त्यानेच अंगठी घातली. मग इथे, या पलंगावर, सगळ्यांच्या देखत त्याने एक पाय टेकवला. बुटासकट. झालं लग्न. मग तो उठून जेवायला गेला."

"आपल्याकडे नाही का," रमेशराव म्हणाले, "नवरा मोहिमेवर असला की खांड्याशी लग्न लावून द्यायचे. तलवार यायची वरातीत."

"मयुरेश आला नाही. म्हणजे आज जनरल मी!" शरदचंद्र म्हणाले आणि या वेळी चौघांपैकी दोघं हसले.

सपाता घासत सगळे शेवटच्या दालनात आले. ती राजवाड्यातली छोटी प्रार्थनेची खोली होती. उंच खिडक्या, एका बाजूला ऑर्गन, समोर वेदी. तिथे गारवा होता. फ्राउ लिंडनरनी आवाज खाली आणला. इथे लग्न लागलं, असं त्या म्हणाल्या. प्रथा अशी होती की धर्मगुरूने वधूला विचारल्यावर तिने लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी वळायचं, वडिलांकडे तोंड करून गुडघ्यात लवायचं, त्यांनी मान हलवली की पुन्हा वेदीकडे वळायचं आणि मग हो म्हणायचं. आमेली वळली. लवली. वडिलांनी मान हलवली. पण ती पुन्हा वळलीच नाही. ती वडिलांकडे बघत तशीच उभी राहिली. वाजवणाऱ्याने तीच धून परत वाजवली. धर्मगुरूने परत विचारलं, मग आणखी एकदा. तिने नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. ती फक्त बापाच्या तोंडाकडे बघत होती, आणि बाप हळूहळू आपल्या बुटांकडे बघू लागला. शेवटी मागे उभ्या असलेल्या आत्याने तिची मान धरली आणि खाली दाबली. तोच होकार धरला गेला.

फ्राउ लिंडनर थांबल्या आणि त्यांनी कादंबरीकडे पाहिलं.

कादंबरीने वडिलांकडे पाहिलं. रमेशराव डोकं एका बाजूला कलतं करून, शाळेतल्या हुशार मुलासारखे, ऐकायला तयार उभे होते.

"आल्झो," ती म्हणाली. "तिने वडिलांची परवानगी घेतली. आणि हो म्हणाली."

"एवढंच?" शरदचंद्र म्हणाले. "बाई तर केव्हापासून बोलत होती!"

"जर्मन भाषा लांबलचक असते, काका."

"ते मात्र खरं. आमचे इथले लोक एका मेलला तीन पानं लिहितात. दुभाष्याला पैसे देऊन देऊन मी थकलो."

रमेशरावांना परवानगीची गोष्ट फार आवडली. वडिलांना विचारून हो म्हणायचं, बघा, आपल्यासारखंच, असं ते बाहेर पडेपर्यंत दोनदा म्हणाले. शैलाताई मात्र मागे राहिल्या. वेदीसमोर जिथे वधू उभी राहिली असेल त्या जागेकडे त्या बघत होत्या. त्यांना बोलवायला कादंबरी परत आत गेली, तेव्हा त्यांनी तिच्याकडेही तसंच बघितलं, आणि तिच्याबरोबर बाहेर आल्या.

घोड्यांच्या जुन्या पागेत आता कॅफे होता. चौघं खिडकीपाशी बसले. कॉफी आली, सफरचंदाचा केक आला. शरदचंद्रांनी केक संपवला, तोंड पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"मग काय, रमेशराव? साखरपुडा डिसेंबरात, लग्न फेब्रुवारीत. हॉल मी बघून ठेवलाय."

"तुम्ही म्हणाल तसं." रमेशराव कादंबरीकडे वळले. "काय गं? चालेल ना तुला? तुझी इच्छा असेल तरच हं. जबरदस्ती नाही."

कादंबरी चमच्याने कॉफी ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती. हो, एवढंच तर म्हणायचं होतं, आणि ते म्हणायची तिला सवय होती. पण या वेळी तो शब्दही तोंडापर्यंत आला नाही. ती वडिलांकडे बघत राहिली.

"लाजली," शरदचंद्र म्हणाले. "समजलं आम्हाला. चला, तोंड गोड करा, रमेशराव. तो केक घ्या."

रमेशरावांनी काटा उचलला.

"फ्रॉइलाइन कादंबरी," शैलाताई म्हणाल्या. "वोलन झी दास?"

तुम्हाला हे हवं आहे का. पुस्तकातलं, जुन्या वळणाचं जर्मन होतं ते, उच्चार थोडे पुणेरी, पण शब्द न् शब्द नीट. कोणत्याही सासूने सुनेला करू नये इतकं अहोजाहो त्यात होतं.

कादंबरीच्या हातातला चमचा थांबला.

"शैला? तू हे कुठे…" शरदचंद्र म्हणाले.

"मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकले. लग्नाआधी तीन वर्षं," शैलाताई मराठीत म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या माहितीपत्रकात होतं, अहो. तुम्ही फोटो तेवढा पाहिला." आणि परत कादंबरीकडे वळून, परत जर्मनमध्ये, त्या सावकाश म्हणाल्या, आत ती बाई काय सांगत होती ते मी ऐकलं. म्हणून विचारते. यांना कळणार नाही. तुम्ही बोला.

कॅफेत मागच्या टेबलावर कोणीतरी हसत होतं. कादंबरी शैलाताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या घाई करत नव्हत्या. कपाळावर आठी नव्हती, डोळ्यांत आशाही नव्हती. उत्तर काहीही आलं तरी चालेल असं या जगात कोणीतरी तिला विचारत होतं.

"नाइन," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखीचा वाटला नाही. "नाइन. इश विल निश्ट." नाही. मला नको आहे.

शैलाताईंनी मान हलवली. रुमालाने बोटं पुसली, रुमाल घडी करून बशीखाली ठेवला.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी काय म्हणते, हे जमायचं नाही. माझं मन घेत नाही."

"काय? आता? अगं, काल तर तुला मुलगी पसंत होती!"

"काल होती. रमेशभाऊ, राग मानू नका. आमच्याकडूनच नको."

"वेड लागलंय का तुला, शैला?" शरदचंद्रांचा चेहरा लाल झाला. "लोक बघतायत. बाहेर चल, बोलू आपण."

"बाहेर येते. पण म्हणणं तेच राहील."

रमेशरावांच्या हातात केकचा तुकडा लावलेला काटा तसाच होता. तो त्यांनी खाली ठेवला. ते उठले नाहीत, रागावले नाहीत. ते पुढे वाकले आणि त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं,

"वहिनी, आमचं काही चुकलं का? काही बोलण्यात… पोरीला आई नाही, मला एकट्याला सगळं कळतंच असं नाही. काही राहिलं असेल तर सांगा."

शैलाताई खिडकीबाहेर बघू लागल्या. काहीतरी खोटं शोधत असाव्यात, आणि ते त्यांना सापडत नव्हतं. कादंबरी तेवढं थांबली असती तर सुटली असती. पत्रिकेचं काहीतरी निघालं असतं, किंवा गुणांचं, आणि रमेशराव पुढची दहा वर्षं आपलं काय चुकलं ते आठवत राहिले असते.

"बाबा," कादंबरी म्हणाली. "काकूंकडून नाही. मी नको म्हणाले. आत्ता. त्यांनी विचारलं आणि मी नको म्हणाले."

शरदचंद्र खुर्ची सरकवून उठले आणि दाराबाहेर गेले. शैलाताईंनी पर्स उचलली. जाताना त्यांनी कादंबरीच्या खांद्याला हात लावला, एवढंच, आणि नवऱ्यामागे निघाल्या. बाहेर अंगणात शरदचंद्र हातवारे करत बोलत होते आणि त्या शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.

टेबलापाशी बापलेक उरले.

"मी विचारलं होतं की तुला," रमेशराव म्हणाले. "किती वेळा विचारलं. प्रत्येक फोनला विचारत होतो."

"तुम्ही 'चालेल ना' विचारत होता, बाबा. 'हवंय का' नाही."

मग त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि चष्म्याशिवाय, नीट दिसत नसताना, तिच्याकडे बघितलं.

"तुझ्या आईने कसं विचारलं असतं गं?"

कादंबरीला उत्तर माहीत होतं. ते सांगायला तिने तोंड उघडलं आणि तिला हुंदका आला.